वचनभंगाच्या खेळातील सचोटी

कोणत्याही खेळाचे नियम दोन प्रकारचे असतात. एक, त्याच्या कर्त्याने पुस्तिकेत छापून दिलेले. दुसरे, खेळावयास बसलेल्या मंडळींनी आपसांत ठरविलेले. गल्लीतील क्रिकेटमध्ये चेंडू थेट शेजाऱ्याच्या गच्चीवर गेला तर फलंदाज बाद, हा नियम कोणत्याही नियमावलीत सापडावयाचा नाही. परंतु त्या गल्लीत त्याचा अंमल निर्विवाद असतो. या दुसऱ्या प्रकाराला ‘घरचे नियम’ म्हणता येईल. एरवी ते गमतीचे वाटतात. मात्र इतिहासातील राज्ये वाटून घेऊन अनेकांनी मिळून खेळावयाच्या डावपेचांच्या खेळांत त्यांना वेगळेच महत्त्व येते. कारण तह, फितुरी आणि विश्वासघात हाच तेथे खेळाचा विषय असतो. जेथे खोटे बोलणे हीच एक खेळी, तेथे सचोटी ती कोणती, हा प्रश्न वाटतो तितका पोकळ नाही.

या वर्गातील सर्वांत बोलका नमुना म्हणजे ‘डिप्लोमसी’. ॲलन कॅलहॅमर या अमेरिकन गृहस्थाने १९५४ साली त्याची रचना केली. प्रकाशक मिळेना, तेव्हा १९५९ साली त्याने स्वतःच त्याच्या ५०० प्रती काढल्या. पट पहिल्या महायुद्धापूर्वीच्या युरोपचा. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी, इटली, रशिया आणि तुर्कस्तान ही सात राज्ये चिठ्ठ्या टाकून सात खेळाडूंत वाटली जातात. पुढे फासे नाहीत, पत्ते नाहीत. दैवाला वाव नाही. पटावरील ३४ केंद्रांपैकी १८ ज्याच्या ताब्यात येतील तो जिंकला. खेळीपूर्वी खेळाडू दोघे-तिघे मिळून कोपऱ्यात खलबते करतात, हवी ती आश्वासने देतात. मग प्रत्येक जण आपल्या सैन्याचे हुकूम गुपचूप कागदावर लिहितो आणि सर्वांचे कागद एकाच वेळी उघडले जातात. तोंडी दिलेले वचन कोणालाही बंधनकारक नाही, असे नियमच सांगतात. एकट्याच्या बळावर फारसे काही साधत नाही, म्हणून मैत्री अटळ; आणि पूर्ण विजय एकाचाच, म्हणून त्या मैत्रीचा शेवटही बहुधा ठरलेला.

यात इतिहासाची थट्टा आहे असे नाही. इटलीने १८८२ साली जर्मनी व ऑस्ट्रिया-हंगेरी यांच्याशी मैत्रीचा करार केला आणि १९१५ साली त्याच ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारले. त्या कालखंडाचा हा स्वभावच कॅलहॅमरने पटावर आणला आहे. आरंभीची स्थितीही सर्वांना सारखी नाही. रशियाच्या पदरी चार दले, इतरांच्या तीन. तुर्कस्तान कोपऱ्यात तुलनेने निर्धास्त, तर ऑस्ट्रियाला चोहोबाजूंनी शेजारी. तेव्हा न्याय म्हणजे सर्वांना समान परिस्थिती, ही कल्पना येथे टिकत नाही. इतिहासात तशी समानता नव्हती आणि इतिहासावर बेतलेल्या खेळाकडून तिची अपेक्षा धरणेही रास्त नव्हे. न्याय उरतो तो एवढाच की, नियम सर्वांना सारखे असावेत आणि ते सर्वांना आधीपासून ठाऊक असावेत.

नवखा खेळाडू येथे हटकून एक निष्कर्ष काढतो: फसवणूक चालते ना, मग सगळेच चालते! वस्तुतः स्थिती नेमकी उलट आहे. उघडलेला हुकूम पुन्हा बदलता येत नाही. हुकूम वेडावाकडा लिहिला असला, परंतु त्यातून एकच अर्थ निघत असला, तर तो अमलात आणलाच पाहिजे; दोन अर्थ निघत असतील तर तो निरर्थक ठरतो. ज्यांचा दिवस टिपणे आणि आदेश लिहिण्यात जातो त्यांना या तरतुदीचे मर्म समजावून सांगावयास नको. तोंडचा शब्द खोटा असला तरी चालतो, कारण कागदावरचा शब्द पक्का असतो. मित्रराष्ट्राने केलेला घात हा खेळाचा भाग. मात्र कोणी पाणी पिण्यास उठला असता त्याचे दल हळूच एक घर मागे सरकविणे ही शुद्ध चोरी. पहिल्याने खेळ रंगतो, दुसऱ्याने तो उरतच नाही.

पुस्तिकेपेक्षा अधिक नियमांची गरज भासू लागली ती हा खेळ टपालाने सुरू झाल्यावर. १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन बोर्डमन यांनी ‘ग्राउस्टार्क’ नावाचे एक छोटे नियतकालिक काढून त्यातून डाव चालविण्यास प्रारंभ केला. खेळाडू आपले हुकूम संचालकाकडे धाडीत, तो निकाल छापून सर्वांना पाठवी. (खुद्द कॅलहॅमरने पुढे पोस्टमनची नोकरी केली, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.) आता प्रश्न उद्भवले. मुदतीत पत्र न आले तर काय करावयाचे? खेळाडू मध्येच नाहीसा झाला तर त्याचे राज्य कोणाकडे जावे? नियतकालिकात छापावयाचे राजकीय जाहीरनामे कोणाच्या नावाने लिहिता यावेत? यातील शेवटच्या प्रश्नावर तर तीन रंगांची परिभाषाच तयार झाली. स्वतःच्या नावाने लिहिलेला जाहीरनामा पांढरा, निनावी तो करडा आणि दुसऱ्याच्या नावाने ठोकून दिलेला तो काळा. कोणी संचालक काळ्यास परवानगी देई, कोणी देत नसे. दोन्ही भूमिका समर्थनीयच. अट एवढीच की, ती डावाच्या आरंभी जाहीर झालेली असावी. प्रतिस्पर्ध्यास फसवावे, पंचास फसवू नये, ही मर्यादा मात्र दोघांनाही मान्य असावी लागते.

संगणक आल्यावर हा खटाटोप संपावयास हवा होता. यंत्र नियम मोडूच देत नाही, मग घरच्या नियमांचे प्रयोजन काय? अनुभव मात्र निराळा आहे. ‘युरोपा युनिव्हर्सॅलिस’ या मालिकेचे उदाहरण घेऊ. मूळ फ्रेंच पटावरील खेळावरून २००० साली त्याची संगणकावरील आवृत्ती निघाली. २०१३ सालच्या चौथ्या आवृत्तीत १४४४ ते १८२१ हा कालखंड येतो. त्यात घड्याळ सर्वांसाठी एकच चालते. तेव्हा ते थांबविण्याची मुभा कोणाला व किती वेळा, हे आपसांत ठरवावेच लागते. एखादा खेळाडू निघून गेला तर त्याचे राज्य यंत्र चालवू लागते आणि ते शेजाऱ्याच्या सहज घशात जाऊ शकते. म्हणून त्या राज्याशी कसे वागावे, हेही ठरवावे लागते. शिवाय कार्यक्रम लिहिणाऱ्याच्या नजरेतून सुटलेल्या फटी असतातच. यंत्र जे करू देते ते सारे खेळाला अभिप्रेत असतेच असे नाही. कायद्याने निषिद्ध नाही म्हणून योग्य, हा युक्तिवाद न्यायालयातही नेहमी शोभत नाही. मित्रांच्या बैठकीत तर नाहीच नाही.

याचा अर्थ घरचे नियम जितके अधिक तितके चांगले, असा मात्र करून घेऊ नये. पराभवाने चिडलेला प्रत्येक जण एका नव्या नियमाची मागणी करतो. अमुक वर्षांपर्यंत हल्ला करू नये, दुबळ्यास तिघांनी मिळून गाठू नये, केलेला तह मोडू नये, अशी कलमे वाढत गेली की युरोपचा पट सहकारी सोसायटीच्या सभेसारखा होतो. शिवाय नियम करणारा बहुधा मंडळातील जुना, प्रबळ खेळाडू असतो आणि त्याच्या सोयीचा नियम ‘सभ्यते’च्या नावाने खपून जातो. म्हणून घरच्या नियमांनी खेळाच्या आतील डावपेचांना हात घालू नये. ज्या गोष्टींपुढे खेळ स्वतः असहाय असतो, त्यांचाच बंदोबस्त करावा. एकाने दोन नावांनी दोन राज्ये खेळू नयेत. बाहेरची मैत्री वा मागील डावाचा सूड या डावात आणू नये. हरू लागताच उठून जाऊ नये. वाद उद्भवल्यास निवाडा कोणी द्यावयाचा, हे आधीच ठरवावे. आणि डाव चालू असताना नियम बदलू नये.

शेवटच्या दोन कलमांचे महत्त्व आपल्याला महाभारताने फार पूर्वी शिकविले आहे. दुर्योधनाच्या वतीने शकुनी फासे टाकणार, हे कळताच युधिष्ठिराने हे रीतीला धरून नाही असे म्हटले खरे; पण तो खेळावयास बसला. हरकत नोंदली गेली, निवाडा झाला नाही. पुढे द्रौपदीने भर सभेत विचारलेला प्रश्नही मुळात नियमाचाच होता: स्वतःला आधी हरलेल्या पुरुषाला पत्नी पणास लावण्याचा अधिकार उरतो काय? त्या सभेत विद्वानांची वाण नव्हती. तरीही उत्तर मिळाले नाही. पण लागल्यानंतर नियम शोधावयास निघाले की ज्ञानी माणसेही खाली मान घालतात.

आता एक नवा प्रश्न उभा आहे. २०२२ साली मेटा कंपनीच्या संशोधकांनी ‘सिसेरो’ नावाचा संगणकीय कार्यक्रम सादर केला. तो माणसांबरोबर डिप्लोमसीचे ४० डाव खेळला, त्यांच्याशी लिखित संभाषण करून तह जुळवीत राहिला आणि एकाहून अधिक डाव खेळलेल्यांत वरच्या दहा टक्क्यांत आला. समोरचा सहकारी माणूस की यंत्र, हे जाणून घेण्याचा खेळाडूस अधिकार आहे काय? आमच्या मते आहे. राज्याची नियत झाकून ठेवणे हा खेळ. खेळाडूची ओळख झाकणे ही खेळाबाहेरची गोष्ट. प्रत्येक मंडळाने हे कलम आपल्या नियमांत यापुढे लिहून ठेवावे.

अशा खेळांतून तरुण लबाडी शिकतील, अशी भीती काही पालकांना व शिक्षकांना वाटते. लबाडी शिकावयास कोणाला पट मांडून बसावे लागत नाही. येथे शिकावयास मिळते ते दुर्मीळ आहे: आपले राज्य एका केंद्रावर आले असतानाही मुदतीत हुकूम लिहून देणे, ज्याने घात केला त्याच्याशी डाव संपल्यावर हसून बोलणे, आणि आपल्या विरुद्ध गेलेला निवाडा केवळ आधी मान्य केला होता म्हणून पाळणे. जिंकणाऱ्याच्या सचोटीची कसोटी फारशी लागत नाही. खेळाचे नियम जिवंत राहतात ते हरणारा शेवटपर्यंत जागेवर बसून राहतो म्हणून; आणि हे केवळ खेळापुरते खरे नाही.