पेट-सीटी : रचना आणि क्रिया यांचे एकत्रित दर्शन

अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत चिकित्सा करणाऱ्या वैद्यांकडे अर्बुदाचे अनेक रुग्ण पेट-सीटीचा अहवाल घेऊन येतात. हा अहवाल काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही, हे आपणांस ज्ञात असणे आवश्यक आहे.

सीटी क्ष-किरणांच्या साहाय्याने अवयवांची रचना दाखवते; परंतु चिकित्सेनंतर उरलेली निर्जीव गाठ आणि सक्रिय अर्बुद यांतील भेद तीत पुष्कळदा कळत नाही. पेट तपासणीत फ्लोरिन-१८ युक्त ग्लुकोजसदृश द्रव्य शिरेतून देतात. ग्लुकोज अधिक वापरणाऱ्या पेशींत ते साठते. त्यामुळे क्रिया कळते, पण नेमके स्थान अस्पष्ट राहते. रुग्ण त्याच शय्येवर असताना दोन्ही प्रतिमा घेऊन एकमेकींवर बसविल्या की ही उणीव दूर होते. डेव्हिड टाउनसेंड व रॉन नट यांचे असे पहिले यंत्र १९९८ साली पिट्सबर्ग येथे कार्यान्वित झाले.

फ्लोरिन-१८ चा अर्धायुकाल सुमारे ११० मिनिटे असल्याने त्याची निर्मिती जवळपासच व्हावी लागते. भाभा अणुसंशोधन केंद्राने १९६३ साली स्थापन केलेल्या परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झाला. पुढे २००४ साली टाटा स्मारक रुग्णालयात देशातील पहिले पेट-सीटी यंत्र आले.

संशोधनात याचे मोल मोठे आहे. लसीकाग्रंथींच्या अर्बुदात औषध लागू पडल्यास गाठीचा आकार घटण्यापूर्वीच ग्लुकोजचे शोषण मंदावलेले दिसते. आयुर्वेदीय चिकित्सेचे परीक्षण करतानाही हे साधन उपयुक्त ठरेल. मात्र चिकित्सेपूर्वीची व नंतरची तपासणी समान पद्धतीने व्हावयास हवी.

चरकाचार्यांनी विमानस्थानात रोगज्ञानासाठी आप्तोपदेश, प्रत्यक्ष व अनुमान ही त्रयी सांगितली आहे. प्रतिमेतील उजळ ठिपका हे प्रत्यक्ष. ‘हा कर्करोगच’ हे अनुमान. आपल्याकडे सर्रास आढळणाऱ्या क्षयरोगातील ग्रंथीही तशाच उजळतात. म्हणून निर्णय ऊतिपरीक्षणानेच, म्हणजे बायोप्सीनेच करावा. तो होईपर्यंत रुग्णास भयभीत करू नये. तसेच आपल्या औषधांवर विसंबून त्यास विलंबही लावू नये.

या तपासणीपूर्वी साधारणतः चार ते सहा तास उपाशी राहावे लागते. त्या काळात साखर-गूळयुक्त अवलेह व आसव-अरिष्टे घेऊ नयेत, ही सूचना रुग्णास वैद्यानेच स्पष्टपणे द्यावी. मधुमेही रुग्णाने औषधांविषयी तपासणी केंद्राचा सल्ला घ्यावा.