रिक्षावाल्याचा मुलगा आणि सातवीतला चेंडू

परवा आमच्या शिरपुरात शेजारचे एक गृहस्थ संध्याकाळी ओट्यावर येऊन बसले. मुलगा सातवीत, दिवसभर फुटबॉल. म्हणाले, ‘‘नाना, तुम्ही बँकेत होते, हिशेब कळतो तुम्हाला. धाडू का याला बाहेरगावी खेळायला?’’

तारणाशिवाय कर्ज देणं माझ्या हाताला कधी जमलं नाही. पोराच्या पायांवर कर्ज मागणारी फाइल तर मी उघडलीही नसती. म्हणून सल्ला न देता त्यांना कोल्हापूरच्या अनिकेत जाधवची गोष्ट सांगितली.

२००० साली जन्मलेला हा मुलगा. वडील रिक्षा चालवायचे. पण गाव कोल्हापूर! तिथे फुटबॉल हा पेठांचा आणि तालमींचा मामला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा यांचा सामना असला की शाहू स्टेडियमवर बसायला जागा मिळत नाही. तिथलं पोर चेंडूमागे धावलं, तर निदान वेडं ठरत नाही. आपल्याकडे ठरतं.

अनिकेत पुण्याला गेला, पुणे एफसीच्या अकादमीत शिकला आणि तिथून देशाच्या संघात निवडला गेला. ६ ऑक्टोबर २०१७ रोजी भारत दिल्लीत अमेरिकेविरुद्ध सतरा वर्षांखालील विश्वचषकाचा पहिला सामना खेळला, तेव्हा तो आघाडीच्या फळीत होता. यजमान म्हणून का होईना, पण पुरुषांच्या कुठल्याही फुटबॉल विश्वचषकात भारत प्रथमच उतरत होता. अमेरिकेने तीन गोल केले, कोलंबियाने दोन, घानाने चार. आपला गोल एकच, तो कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगचा.

‘‘म्हणजे हरलेच की!’’ शेजारी म्हणाले.

हरले. पण दीड महिन्याने, २९ नोव्हेंबरला, तीच पोरं ‘इंडियन ॲरोज’ या नावाने आय-लीगमध्ये मोठ्यांविरुद्ध उतरली आणि चेन्नई सिटीला ३-० ने हरवलं. त्यातले दोन गोल अनिकेतचे. पुढे तो इंग्लंडात ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे सरावालाही जाऊन आला. या क्लबची मालकी २०१० पासून पुण्याच्या वेंकीजकडे आहे. करार काही झाला नाही. मग जमशेदपूर, नंतर हैदराबाद. २४ जानेवारी २०२२ रोजी त्याने ईस्ट बंगालवर गोल केला आणि २० मार्चला हैदराबाद इंडियन सुपर लीग जिंकलं.

स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या कोळ्याचा मुलगा डेनिस लॉ सोळाव्या वर्षी, १९५६ च्या नाताळच्या आदल्या दिवशी, इंग्लंडच्या हडर्सफील्डकडून व्यावसायिक सामना खेळला. १९६४ साली तो युरोपातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. तिकडे गावोगावी क्लब. एकाने नाकारलं तर पोर दुसऱ्याचं दार ठोठावतं. आपल्याकडे दारंच मोजकी. जोखीम मुलाच्या पायांत कमी आणि या मोजक्या दारांत जास्त, असं माझं जुनं बँकवालं मत.

शेजारी बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, ‘‘आणि नाना, दहावीचं काय?’’

‘‘दहावी अकादमीतूनही देता येते. आधी पुण्याला जाऊन वसतिगृह बघून या. शाळा कुठली, डॉक्टर कोण, तेही विचारा.’’

फाटकाशी चेंडू आपटल्याचा आवाज येत होता. ते उठले आणि ओरडले, ‘‘ए, नानांच्या कुंड्या फोडशील!’’