प्रवासी विमानाच्या इंजिनांची सुरुवात व उड्डाणकालीन नियंत्रण

प्रवासी जेट विमानाची इंजिने जमिनीवर सुरू करून उड्डाणासाठी त्यांचा रेटा निश्चित करणे, ही वैमानिक व भूसेवक यांची संयुक्त कार्यपद्धती आहे. उड्डाण करताना इंजिने नेहमी कमाल शक्तीने चालवली जातात असा समज असला, तरी आवश्यक रेटा प्रत्येक उड्डाणापूर्वी गणिताने ठरवला जातो.

इंजिन सुरू करणे

बहुतेक विमानांच्या शेपटीत एपीयू नावाचे छोटे सहायक इंजिन असते. त्यातील दाबयुक्त हवेने स्टार्टर मुख्य इंजिनाचा संपीडक फिरवतो. पुरेसा वेग आल्यावर ज्वलनकक्षात इंधन सोडून ते ठिणगीने पेटवले जाते. तप्त वायूंमुळे टर्बाइन फिरू लागून इंजिन स्वबळावर चालू लागले की स्टार्टर अलग होतो. हवेचा प्रवाह अपुरा असताना इंधन पेटल्यास तापमान मर्यादेबाहेर जाऊन टर्बाइनची पाती निकामी होऊ शकतात. यास ‘हॉट स्टार्ट’ म्हणतात. अशा वेळी इंधनपुरवठा तत्काळ बंद केला जातो. बोईंग ७८७ विमानात स्टार्टर विजेवर चालतो.

रेट्याची निश्चिती

विमानाचे वजन, धावपट्टीची लांबी, वारा, तापमान व विमानतळाची उंची यांवर आवश्यक रेटा ठरतो. विरळ हवेत इंजिनाचा रेटा व पंखांची उचल दोन्ही घटतात. सटाणा परिसराला जवळचा असलेला नाशिकचा ओझर विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. प्रमाण वातावरणात या उंचीवरील हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे साडेपाच टक्के विरळ असते. दाब तोच राहून तापमान १५ अंशांवरून ४० अंश सेल्सिअसवर गेल्यास हवेची घनता आणखी सुमारे ८ टक्क्यांनी घटते. त्यामुळे उन्हाळ्यातील दुपारी विमानाचे वजन मर्यादित ठेवावे लागू शकते. उलट, हवा थंड व वजन कमी असल्यास घटवलेला रेटा पुरतो आणि इंजिनाची झीज कमी होते.

उड्डाण

धावपट्टीवर प्रथम दोन्ही इंजिने मध्यम वेगावर स्थिर केली जातात, जेणेकरून रेटा दोन्ही बाजूंना समान वाढेल. त्यानंतर उड्डाणाचा रेटा दिला जातो. ‘व्ही-१’ या पूर्वनिश्चित वेगापर्यंत उड्डाण रद्द करता येते. त्यानंतर एक इंजिन बंद पडले तरी उड्डाण पुढे नेले जाते. हे शक्य व्हावे इतका रेटा आधीच गणितात धरलेला असतो.

जमिनीवरील सुरक्षा

चालू इंजिन पुढील हवा प्रचंड जोराने आत ओढते. १६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबई विमानतळावर एअर इंडियाच्या विमानाच्या इंजिनात ओढला जाऊन एका तंत्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यामुळे इंजिन सुरू करण्यापूर्वी सभोवतालचा भाग मोकळा असल्याची खात्री करणे आणि भूसेवकांचा स्पष्ट संकेत मिळाल्याविना विमान न हलवणे अत्यावश्यक असते.