रंगविलेला पत्रा : एका घरगुती दस्तऐवजाचे वाचन

स्वयंपाकघरातील डबा आणि माळ्यावरची ट्रंक यांना आपण सरसकट 'पत्र्याच्या वस्तू' म्हणतो. भौतिक संस्कृतीच्या अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र त्यांचा आशय पत्र्याइतकाच, किंबहुना अधिक, त्यावरील रंगाच्या पातळ थरात साठलेला असतो.

या वस्तूंची सजावट दोन भिन्न क्रमांनी होते. छापील डब्यात आधी चित्र, मग डबा. कठीण धातूवर शिळेचा थेट छाप नीट उमटत नाही. म्हणून इंग्लंडमध्ये रॉबर्ट बार्कले यांनी १८७५ मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रात चित्र प्रथम मधल्या रुळावर व तेथून पत्र्यावर उतरविले जाई. कथिलाचा मुलामा दिलेला सपाट पत्रा छापून, भट्टीत वाळवून मगच वळविला जाई. रंगविलेल्या ट्रंकेत हा क्रम उलटा : आधी पेटी, मग ब्रश. म्हणून बिजागरी वा कडी-कोयंड्याच्या कडेला रंगाचे ओघळ दिसल्यास ते हातकाम मानावे. चित्र घडीवरून अखंड वळले असल्यास छपाईचा संभव अधिक.

या थरावर दोन लेखक आढळतात. पहिला उत्पादक. १९३७ मध्ये बाजारात आलेल्या डालडाच्या पिवळ्या डब्यावरील हिरवे ताडाचे झाड ही मूळची जाहिरात. पण तूप संपल्यावर त्याच डब्यात डाळ-पीठ साठले किंवा तुळस रुजली आणि जाहिरात घरची झाली. दुसरा लेखक वस्तूचा मालक. सैनिकाच्या काळ्या ट्रंकेवरील नाव, हुद्दा व क्रमांक म्हणजे त्याच्या बदल्यांबरोबर हिंडणारा परिचयलेखच होय.

चंदीगडमध्ये हा विचार करताना रॉक गार्डनचे उदाहरण अटळ ठरते. फाळणीत विस्थापित झालेल्या नेकचंद यांनी टाकाऊ वस्तूंतून उभारलेली ही बाग १९७६ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. तेथे डांबराच्या रिकाम्या पिंपांच्या भिंती झाल्या, फुटक्या बांगड्यांच्या बाहुल्या झाल्या. टाकाऊला नवे रूप देणारी ही दृष्टी थोरच. परंतु रंगीत पत्र्याला ती जशीच्या तशी लागू पडत नाही. पिंपाचा उपयोग त्याच्या आकारात होता. डब्याचा पुरावा त्याच्या पृष्ठभागात आहे. तो पुन्हा रंगविला की वस्तू उरते, दस्तऐवज झाकला जातो.

आपली घरगुती स्वच्छताही येथे घातक ठरते. पितळेला उजळणारी चिंच आणि राख पत्र्याचा रंग व मुलामा दोन्ही खरवडते. आणि मुलाम्याला ओरखडा पडला की उघड्या लोखंडाला गंज अधिक वेगाने चढतो. कोरडे मऊ फडके, दमट नसलेली जागा आणि नव्या रंगाचा मोह टाळणे, एवढे संरक्षण बहुधा पुरते. ताम्रपटाची अक्षरे कोणी घासून उजळ करू धजत नाही. तोच संयम या सामान्य घरांच्या लेखांनाही मिळावयास हवा.