वितळलेले ॲल्युमिनियम, पोलादी साचा आणि ‘लेप’ ही संज्ञा

पोलाद सुमारे १५०० अंश सेल्सिअसला वितळते, ॲल्युमिनियम ६६० अंशांना. तेव्हा पोलादी साच्यात वितळलेले ॲल्युमिनियम ओतल्याने साच्यास अपाय होण्याचे कारण नाही, असे सकृद्दर्शनी वाटते. परंतु वितळणे आणि विरघळणे या दोन भिन्न क्रिया होत. मीठ ८०१ अंशांना वितळते. तथापि साध्या थंड पाण्यात ते विरघळून जाते. वितळलेल्या ॲल्युमिनियमच्या संगतीत लोखंडाचे काहीसे असेच होते. लोखंडाचे अणू द्रवात उतरू लागतात व सीमेवर लोह आणि ॲल्युमिनियम यांच्या कठीण, ठिसूळ संयुगांचा पातळ थर बनतो. ओतलेला भाग थंड होऊन बाहेर काढण्याच्या वेळी तो याच थराच्या द्वारे साच्याला धरून बसतो. जस्ताच्या ओतकामात यंत्राचा दट्ट्या वितळलेल्या धातूत बुडवून ठेवता येतो, ॲल्युमिनियमच्या बाबतीत तसे करता येत नाही, याचेही कारण हेच. ॲल्युमिनियम त्या दट्ट्याला खाऊन टाकील.

पुणे-चाकण परिसरातील कारखान्यांत दुचाकींचे व मोटारींचे ॲल्युमिनियमचे भाग ज्या रीतीने होतात, त्या उच्चदाब ओतकामात, म्हणजे कारखान्यातील भाषेत डाय कास्टिंगमध्ये, साचा बहुधा एच-१३ या जातीच्या पोलादाचा असतो. त्यात सुमारे ५ टक्के क्रोमियम आणि थोडे मॉलिब्डेनम व व्हॅनेडियम असते. धातू साच्यात शिरतो तो सेकंदाला ३० ते ६० मीटर वेगाने. त्यामुळे प्रवेशद्वारासमोरच्या पृष्ठाची धूप होते. भाग निघाल्यावर साच्यावर पाणीमिश्रित वंगणाचा फवारा मारला जातो. क्षणापूर्वी तापून प्रसरण पावू पाहणारे आणि आतील थंड पोलादाने दाबून धरलेले पृष्ठ आता एकाएकी आकुंचन पावते व ताणले जाते. हे हजारो वेळा घडले की उन्हाळ्यात तळ्याच्या गाळाला पडावे तसे भेगांचे जाळे साच्यावर उमटते, आणि त्याची प्रतिमा प्रत्येक ओतीव भागावर उठते.

चिकटणे, झिजणे आणि भेगाळणे या तीन व्याधी एकाच साच्यात एकत्र नांदतात. परंतु त्यांवरील उपाय एक नाही. मराठीत या सर्व उपायांना सरसकट ‘लेप’ म्हणण्याचा प्रघात पडू पाहत आहे. तो का घातक आहे, हे पाहण्यासाठी उपायांचे स्वरूपच पाहावयास हवे.

पहिला उपाय नत्रीकरणाचा. साचा ५०० ते ५५० अंशांना अमोनिया वायूत कित्येक तास ठेवतात. तप्त पोलादाच्या पृष्ठाशी अमोनियाचे विघटन होऊन नत्राचे अणू पोलादात शिरतात व क्रोमियमसारख्या मूलद्रव्यांशी सूक्ष्म कठीण संयुगे बनवितात. या पद्धतीचा पाया विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात अमेरिकेत ॲडॉल्फ मॅकलेट आणि जर्मनीत क्रुप कारखान्यात ॲडॉल्फ फ्राय यांनी घातला. येथे पोलादावर काही चढविलेले नसते. पोलाद तेच राहते, त्यात काही मुरलेले असते. कठीणपणा पृष्ठाशी सर्वाधिक असतो आणि मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतक्या खोलीत हळूहळू उतरत जातो. लोणच्यात मीठ जसे मुरते, तसे हे मुरणे होय. मराठीपाशी हे क्रियापद आयते असताना ते पारिभाषिक लेखनात कोठे आढळू नये, हे नवलच म्हटले पाहिजे.

दुसरा उपाय खऱ्या अर्थाने लेपाचा. निर्वात कोठीत धातूची वाफ वा आयन निर्माण करून, नत्रवायूच्या सान्निध्यात, क्रोमियम नायट्राइड, टायटॅनियम ॲल्युमिनियम नायट्राइड किंवा ॲल्युमिनियम क्रोमियम नायट्राइड यांचा काही मायक्रोमीटर जाडीचा थर साच्यावर बसवितात. कारखान्यात यास ‘पीव्हीडी’ म्हणतात. माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो. हे काम बहुधा ५०० अंशांच्या आत होते, म्हणून पोलादाचे पाणी उतरत नाही. रासायनिक बाष्पापासून थर देण्याची जुनी पद्धत सुमारे १००० अंशांची. तीत साच्याला पुन्हा पाणी द्यावे लागते व तो वाकण्याचा संभव असतो. नायट्राइडाशी वितळलेल्या ॲल्युमिनियमची प्रक्रिया सहसा होत नाही. जोवर थर अखंड आहे, तोवर द्रव आणि लोखंड यांची गाठ पडत नाही.

पण ‘जोवर’ या शब्दातच सारी मेख आहे. थरात सुईच्या अग्राहून बारीक छिद्रे राहतात. त्यातून ॲल्युमिनियम खाली पोहोचते, थराखालचे पोलाद खाते, व थर पोकळीवर अधांतरी उरून तुटतो. भेगांचेही तसेच: पोलाद भेगाळले की वरचा थर त्याबरोबर भेगाळतो. खालचे पृष्ठ मऊ असेल तर दाबाखाली ते दबते आणि वरचा कठीण पापुद्रा फुटतो. यास्तव पुष्कळदा आधी नत्र मुरवितात व मग वर लेप देतात. मात्र नत्रीकरणात पृष्ठावर लोह-नायट्राइडाचा जो ठिसूळ पांढरा पापुद्रा धरतो, तो टाळावा किंवा काढून टाकावा लागतो. एरवी लेप त्या पापुद्र्यासह निघून येतो. खोल भोके व अरुंद खाचा यांत ही वाफ नीट पोहोचत नाही, हीदेखील या पद्धतीची मर्यादा.

शब्दांकडे वळू. ‘मुलामा’ हा अरबीतून आलेला शब्द चकाकीचा आहे. मराठीत त्याला वरवरच्या देखाव्याचा वास लागला असून येथे तो निरुपयोगी. ‘कल्हई’ अधिक उद्बोधक आहे. तिचाही उगम अरबी. मूळ अर्थ कथील. कल्हईवाला तापल्या भांड्यावर नवसागर टाकतो. त्यातून सुटणारे आम्ल तांब्यावरील गंज काढते, आणि वितळलेले कथील तांब्याशी संयोग पावून त्याला धरते. म्हणजे ओतकामात जे होऊ नये म्हणून एवढा खटाटोप, तेच कल्हईत मुद्दाम घडवून आणलेले असते. (नवसागरातून सुटणारा दुसरा वायू अमोनिया, तोच नत्रीकरणाचाही वायू होय, हा योगायोग गमतीचा आहे.) इंग्रजी कारखान्यात साच्याला ॲल्युमिनियम चिकटण्यास डाख देण्याचाच शब्द लावतात. मराठीत त्याचे शब्दशः भाषांतर केल्यास वाचणारा काहीतरी जोडण्याच्या तयारीस लागेल. ‘धातू साच्याला धरतो’ हे साधे वाक्य त्याहून सरस.

राहिला ‘लेप’. चंदनाचा असो वा औषधाचा, लेप वरून देतात आणि उतरवितात. पीव्हीडीच्या थराला हा शब्द चपखल बसतो, कारण क्रोमियम नायट्राइडाचा झिजलेला थर रासायनिक रीतीने उतरवून नवा देता येतो. नत्रीकरणास तो लावणे म्हणजे दुरुस्ती करणाऱ्यास चुकीची वाट दाखविणे होय. मुरलेला भाग उतरविता येत नाही, तो घासून काढावा लागतो, आणि घासल्याने साच्याचे मापच बदलते. ‘जुना लेप काढून नवा द्यावा’ ही एकच ओळ दोन्ही प्रकारच्या साच्यांच्या सूचनापत्रकात गेली, तर लाखो रुपयांचा साचा मापाबाहेर जाऊ शकतो. म्हणून सूचना लिहिताना एकास ‘लेप दिलेला’ व दुसऱ्यास ‘नत्र मुरविलेला’ असेच म्हणावे. ज्या साच्यावर दोन्ही आहेत, तेथे क्रमही सांगावा, आणि धरून बसलेला धातू पॉलिशच्या कागदाने खरडू नये, हेही लिहावे. त्या कागदाने घासत राहिल्यास लेप झिजून संपू शकतो.