दोन खुर्च्या मागितल्या होत्या कुणी?

मतदानाच्या दिवशी आमच्या माताभगिनी सकाळीच आवरून रांगेत उभ्या राहतात. लोकशाहीचा डंका पिटणाऱ्या अमेरिकेत मात्र मतदारयादीत नाव घालायला गेली म्हणून एका शेतमजूर बाईला राहते घर सोडावे लागले, हे आमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

फॅनी लू हेमर हे त्यांचे नाव. मिसिसिपी राज्यात वाट्याने कापूस पिकवणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबातले हे विसावे अपत्य. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी त्या इतरांसोबत बसने इंडियनोला गावी नोंदणीला गेल्या. तिथे राज्यघटनेतील एका कलमाचा अर्थ विचारला. नापास! परतताना पोलिसांनी बसचा रंगच चुकीचा ठरवून दंड केला. (बहाणे शोधणाऱ्यांची अक्कल सगळीकडे सारखीच चालते.) घरी आल्या तर मळेमालकाचा हुकूम: अर्ज मागे घे, नाहीतर चालती हो. अठरा वर्षे राबलेला मळा बाईंनी त्याच रात्री सोडला. पुढच्या वर्षी विनोनाच्या तुरुंगात त्यांना अमानुष मारहाण झाली.

१९६४ साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाला मिसिसिपीने फक्त गोरे प्रतिनिधी पाठवले. त्याविरुद्ध हेमरबाई आणि त्यांचे सहकारी स्वतंत्र पक्ष काढून अटलांटिक सिटीत थडकले. बाईंनी समितीपुढे मारहाणीची हकीकत सांगायला सुरुवात केली, तोच राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी घाईने पत्रकार परिषद घेऊन कॅमेरे आपल्याकडे वळवले. पण त्याच रात्री ती साक्ष दूरदर्शनवर देशभर दिसली.

मग तडजोड आली: दोन जागा घ्या. नावेही पक्षश्रेष्ठींनीच ठरवलेली, दोन्ही शिकलेले पुरुष. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासह अनेक नेत्यांचा कल होकाराकडे होता. मळ्यांतून आलेल्या या माणसांनी मात्र नकार दिला. आपला प्रतिनिधी कोणी निवडायचा, या प्रश्नाचे मोल पुणे करारानंतर आमच्या समाजाला वेगळे सांगायला नको.

१९६५ च्या मतदान हक्क कायद्याने परीक्षांचा जाच थांबवला. १९६८ च्या शिकागो अधिवेशनात हेमरबाई रीतसर प्रतिनिधी म्हणून बसल्या. पण मत दिले की मालक काम बंद करतो, हे त्यांनी भोगले होते. म्हणून १९६९ मध्ये त्यांनी जमीन घेऊन सहकारी शेती सुरू केली. गरीब कुटुंबांना डुकराची मादी पाळायला देत; पिल्ले झाली की त्यातली काही परत यायची आणि दुसऱ्या घरी जायची.