टणक पेडलची चौकशी

माझे शाळेतले शिक्षण चौथीपर्यंतचे. पुढचे गॅरेजात आणि चौकशीच्या टेबलावर झाले. कामगाराची बाजू मांडायची तर आधी यंत्र समजून घ्यावे लागते. त्यातलेच एक प्रकरण सांगतो.

एक लहान डिझेल ट्रक घाट उतरून कठड्यावर आदळला. सुदैवाने जीव वाचले. ड्रायव्हर म्हणाला, "पेडल दगडासारखे झाले होते." मालकाच्या माणसांनी दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रेक पाहिला, तो उत्तम लागला. झाले! ड्रायव्हर खोटा, त्याला आरोपपत्र आणि कामावरून बंद.

पेडल स्पंजासारखे दबले तर ब्रेक ऑइलमध्ये हवा शिरली असे समजावे. टणक पेडलचे दुखणे निराळे. अशा ट्रकात पायाच्या मदतीला बूस्टर नावाचा डबा असतो. आत रबरी पडदा. पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा ओढून घेतलेली असते. पाय दाबला की एका बाजूला बाहेरची हवा शिरते आणि पडद्याला पुढे ढकलते. पडद्याचा व्यास २५ सेंटिमीटर आणि दर चौरस सेंटिमीटरला ०.७ किलोचा फरक धरा: जोर होतो सुमारे ३४० किलो! हा मदतनीस गेला तर एकटा पाय किती पुरणार?

पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर झडप असल्याने ही ओढ आयती मिळते. डिझेल इंजिनात ती वाट बहुधा मोकळीच असते, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. पुष्कळ गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीवरच बसवतात. पट्टा घसरू लागला की बॅटरीही उपाशी आणि ब्रेकही.

परीक्षा एका मिनिटाची आहे. इंजिन बंद ठेवून पेडल पाचसहा वेळा दाबा, दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली किंचित खचले पाहिजे. न खचले तर बूस्टरकडची नळी सोडून तोंडाशी अंगठा धरा. जोरात ओढला गेला तर दोष बूस्टरमध्ये. नाही तर पंप, पट्टा, नळी तपासा. इंजिन बंद केल्यावरही पहिले दोनतीन दाब हलके यावेत. लगेच टणक आले तर कुठेतरी गळती आहे किंवा एकमार्गी झडप निकामी आहे. झडप गेली की पंपातले तेल बूस्टरमध्ये ओढले जाऊन रबर फुगते.

चौकशीत पहिला प्रश्न आला, "डिझेल वाचवायला इंजिन बंद करून उतरलास ना?" प्रश्न अगदीच गैर नव्हता. तसे केले तर पंप थांबतो आणि दोनतीन दाबांत साठा संपतो. पण कमी डिझेलसाठी ड्रायव्हरच्या मागे तगादा कोण लावतो, हेही मी विचारले.

मग मी एकच मागणी केली: गाडी गरम करून तपासा. तासभर फिरवून आणली, इंजिन चालू ठेवूनच बॉनेट उघडले. बूस्टरची नळी मध्येच चपटी होऊन मिटली होती! आतून ओढ लागली तरी न मिटणारी जाड, विणीची नळी तिथे हवी. कोणीतरी पाण्याची साधी नळी कापून बसवली होती. थंडपणी ती ताठ राही, तापली की आत बसे. योग्य नळी बसवली, पेडल हलके झाले.

आरोपपत्र मागे घेतले गेले. मधल्या एकवीस दिवसांच्या पगाराचे भांडण अजून चालू आहे.